धोंडिराम

चीनमधल्या शिआनच्या तेराशे वर्षांच्या विटांच्या मनोऱ्यासमोर सर्जेराव थांबले. "आबा, ह्यूएनत्संगानं आपल्याकडून आणलेल्या पोथ्या इथंच ठेवल्या होत्या," लेक उज्ज्वला म्हणाली. सर्जेरावांचा थोरला भाऊ बासष्टच्या युद्धात बर्फातच राहिला होता, प्रेतही घरी आलं नव्हतं. या मुलखात पाऊल ठेवणार नाही, म्हणून ते लेकीच्या लग्नालाही आले नव्हते. नात झाली, तेव्हा कुठे विमानात बसले.

शेजारी चिनी व्याही उभे होते. त्यांनी उदबत्त्या पेटवल्या, तीन सर्जेरावांच्या हाती दिल्या आणि सुनेला हळूच काही विचारलं.

उज्ज्वला अडखळली. "आबा, ते म्हणताहेत... काकांचं नाव काय होतं? त्यांना काकांसाठी हात जोडायचेत."

सर्जेरावांची आई त्या नावाचा धावा करतच गेली होती आणि तेव्हापासून घरात कुणी ते उच्चारलं नव्हतं. उदबत्तीची राख बोटांवर पडली, तरी ते तसेच उभे.

"धोंडिराम," शेवटी ते म्हणाले.

"तोन्दिलान," व्याह्यांनी डोळे मिटून म्हणून पाहिलं.

"तसं नव्हे." सर्जेरावांनी त्यांचा हात धरला. "धों-डि-राम."

पांढऱ्या केसांचा तो माणूस पुन्हा पुन्हा चुकत राहिला, आणि सर्जेराव डोळे न पुसता त्याला भावाचं नाव शिकवत राहिले.