सवतीचा शेक

धाकटी मैना बाळंत झाली आणि तिला शेकायला थोरली अंबूबाई आपणहून पुढे आली. मूल होत नाही म्हणून गायकवाडी फौजेतल्या जमादार हैबतरावांनी अंबूबाईच्या उरावर ही सवत आणली होती. 'आता पोरीला भाजून काढणार,' असं बडोद्यातल्या त्यांच्या आळीत बायका कुजबुजत होत्या.

अंबूबाईने बाजेखाली शेगडी सरकवली, निखाऱ्यांवर ओवा टाकला आणि कोमट तेलाने मैनाची कंबर चोळायला घेतली. मैनाने अंग चोरलं.

"अक्का, माझ्यावर राग काढणार का?"

"तुझ्यावर कशाला? तुला विचारून आणलं होतं का त्यांनी?"

कंबर हळूहळू मोकळी झाली, तशी मैना हुंदके देऊन रडली. मग रोज शेकताना दार लावून दोघी हलक्या आवाजात बोलत राहायच्या. हैबतराव मिशीला पीळ देत चारचौघांत सांगायचे, "आमच्याकडे सवती बहिणींसारख्या नांदतात!"

मैना हिंडूफिरू लागली आणि एका संध्याकाळी हैबतराव घरी आले, तर दाराला कुलूप.


शेजारीण म्हणाली, "जमादार, दोघी बाळाला घेऊन थोरलीच्या माहेरी, नवसारीला गेल्या. निरोप ठेवलाय, आता खुशाल तिसरी आणा."