सासूबाई, मावशी आणि जावई

सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या दादांनी लांबलचक कमांडना घरगुती टोपणनावं देऊन ठेवली होती. काळ्या पडद्यावर ‘सासूबाई’ टाइप केलं की कालपासूनच्या साऱ्या चुका एकाखाली एक बाहेर पडत, ‘मावशी’ म्हटलं की बॅकअप निघे आणि ‘जावई’ म्हटलं की सगळी कामं जागच्या जागी थांबत. नामाचा महिमा, दुसरं काय.

शेजारच्या टेबलावरच्या ताई अधूनमधून म्हणत, “दादा, या मावशी आतून नेमकं काय करतात, ते आम्हालाही सांगून ठेवा की.”

“मावशी आहेत त्या. त्यांचं त्या बघतात,” दादा हसून विषय संपवत. किल्ली आपल्या कनवटीला आहे, तोवर विभागप्रमुखाची खुर्ची जाते कुठे, हे त्यांचं साधं गणित.

जुने प्रमुख निवृत्त होऊन खुर्ची रिकामी झाली, तसं साहेबांनी दादांना केबिनमध्ये बोलावून मोठ्या मायेने समोर बसवलं.

“दादा, तुमच्यावाचून इथलं पान हलत नाही हो.”

दादांनी विनयाने मान खाली घातली.



“म्हणून प्रमुख ताईंना केलं. तुम्हाला सर्व्हरपासून उठवायची आमची काय छाती!”