ठिपक्याचं शेपूट

"हाही तिरका," राजाराम म्हणाला आणि सातवा रेड डॉट त्याने काउंटरवर ठेवला.

चँडलर या अमेरिकन गावातल्या एका बंदुकांच्या दुकानात शनिवारी सकाळी अकरापासून हेच चाललं होतं. रेड डॉट म्हणजे रायफलीवर बसवायची बोटभर नळी. आत काच, काचेत लाल ठिपका. ठिपका जिथे, गोळी तिथे. यात न कळण्यासारखं काही नाही. पण राजारामने सात महिने अभ्यास करून एकतीस रकान्यांची एक्सेल शीट बनवली होती आणि तिची रंगीत प्रिंट सोबत आणली होती. रायफल घ्यायला त्याला वीस मिनिटं लागली होती.

"तिरका म्हणजे कसा?" दुकानदार वॉल्टरने विचारलं. सत्तरीचा माणूस, पांढऱ्या मिशा, टोपीला कसलासा बिल्ला. दोन वाजत आले तरी त्याने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. भिंतीवर टांगलेल्या हरणांच्या मुंडक्यांनीही नव्हतं.

"ठिपक्याला शेपूट आहे. दहा वाजण्याच्या दिशेला. स्वल्पविरामासारखं."

वॉल्टरने नळी डोळ्याला लावली. "मला गोल दिसतो."

स्टुलावर बसलेल्या दीपाने हात पुढे केला, चष्मा सारखा केला आणि पाहिलं. "गोल आहे हो. मोहरीएवढा. घ्या आणि चला, कोथिंबीर मान टाकतेय गाडीत."

"तुझं काय, तुला चष्मा आहे," राजाराम बायकोला मराठीत म्हणाला आणि वॉल्टरकडे वळून इंग्रजीत सुरू झाला. "त्याचं असं आहे, मी क्वालिटीमध्ये आहे. कॉम्प्युटर चिप्सची फॅक्टरी. अठरा वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावतोय. परवा अख्खी लाइन बंद केली मी! मशीन सिलिकॉनच्या चकतीवर, वेफरवर, गोल ठिपका मारतं ना, त्याला शेपूट. अकरा जणांनी बघितलं, एकालाही दिसलं नाही. मला दिसलं! सोमवारी जपानहून मशीनवाले येतायत. सहा जण. त्यांना मी शेपूट दाखवणार."

"आणि मग हे मॅनेजर होणार," दीपा म्हणाली. हे मात्र तिने इंग्रजीत सांगितलं.



"ते वेफरवरचं शेपूट," वॉल्टरने विचारलं, "कुठल्या दिशेला आहे?"

"दहा वाजण्याच्या," राजाराम अभिमानाने म्हणाला.

वॉल्टरने सातवी नळी उचलली, उलटी केली, खालची बाजू वर, आणि राजारामच्या डोळ्यासमोर धरली. "आता?"

"दहावरच."

"मी उलटी धरलीय. शेपूट आता चारवर जायला हवं."

राजारामने पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आता मान वाकडी करा. उजवीकडे."

राजारामने मान उजवीकडे वाकडी केली. शेपूटही आज्ञाधारकपणे कललं आणि साडेअकरावर जाऊन थांबलं.

"डोळे कधी तपासले होते?" वॉल्टरने सहज विचारलं.

"गरजच पडली नाही! आमच्या घराण्यात कुणाला चष्मा नाही. माझे वडील शेवटपर्यंत चष्म्याशिवाय पंचांग वाचायचे."

"म्हणून तर आपलं लग्न अमावास्येला लागलं," दीपा मराठीत म्हणाली. मग तिचाच चेहरा बदलला. "अहो... मग ते सोमवारचे जपानी?"

दुकानात एसी होता. राजारामच्या कपाळावर घाम आला.

"अजून निघाले नसतील," दीपा म्हणाली. "तिकडे आत्ता कुठे रविवार उजाडतोय. साहेबांना फोन करा. सांगा, मशीन ठीक आहे, डोळा बिघडलाय." तिने पर्समधून त्याचा फोन काढला, उघडला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

राजाराम फोनकडे बघत राहिला. तेवढ्यात वॉल्टरने टोपीचा बिल्ला काढला, एक्सेल शीट पुढे ओढली आणि बिल्ल्याच्या पिनेने 'डॉटचा आकार' या रकान्यात एक बारीक भोक पाडलं.

"डोळ्यासमोर हे धरा. भोकातून बघा, डोळ्यातला दोष तेवढ्यापुरता जाईल."

राजारामने कागद डोळ्याला लावला, कागदापुढे नळी धरली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तो एवढ्या मोठ्याने ओरडला की पलीकडे काडतुसं घेणारा माणूस खाली वाकला.

"गोल! दीपा, गोल आहे! अगं, मोसंबीसारखा गोल!"

त्याने नळी फिरवली. गोल. मान वाकडी केली. गोल. कागद काढला, शेपूट आलं. कागद लावला, शेपूट गेलं. काढला, लावला, काढला, लावला. सातही नळ्या त्याने एकामागून एक तशाच पाहिल्या. सातही गोल.

"अठरा वर्षांत," तो म्हणाला, "इतका गोल ठिपका मी पाहिला नव्हता."

"यातला कुठला देऊ?" वॉल्टरने विचारलं.

"पहिला."

तो अकरा वाजून पाच मिनिटांनी बाद झाला होता. वॉल्टर पहिली नळी खोक्यात घालू लागला.

दीपाने फोन पुन्हा पुढे सरकवला. "करताय ना?"

राजारामने फोन उचलला आणि बंद करून तिच्या हातात दिला. मग त्याने एक्सेल शीटची चौघडी घातली. घडी भोकावर येऊ नये याची काळजी घेतली, आणि कागद शर्टाच्या खिशात ठेवला.

"येऊ देत," तो म्हणाला. "एवढ्या लांबून येतायत बिचारे. शेवटी शेपूट गेलं का ते मीच बघणार. मशीन दुरुस्त करूनच जातील."