पूर्ण पत्ता

“मुलगी घरी किती वाजता येते?” फोनवरच्या बाईंनी विचारलं.

“सात म्हणजे सात,” सुचेता म्हणाली. कानाशी फोन, मांडीवर निवडायला घेतलेली मेथीची जुडी. “साडेपाचला ऑफिस सुटतं, मग स्टेशनवरून शेअर रिक्षा. इकडेतिकडे नाही हो जात कुठे.”

सुचेता मनातून हरखली होती. लेकीचा बायोडाटा पाठवून दोनच दिवस झाले होते आणि मुलाकडून फोन आला होता. तोही असा, की दहा मिनिटं झाली तरी बाई फोन ठेवायला तयार नव्हत्या. हळू बोलत होत्या, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तशा. आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटत होता. पण पहिल्या फोनवर मुलाकडच्या सगळ्याच बायका एकाच आवाजात बोलतात, असा सुचेताचा अनुभव होता.

लेक रसिका, एकतीस वर्षांची. नवऱ्याला, निकेतला, सोडून तिला दोन वर्षं झाली होती. निकेतने मात्र तिला सोडलं नव्हतं. घटस्फोटाचा कागद हातात पडल्यावरही तो ठाण्याच्या घराखाली येऊन उभा राहायचा. तिने नंबर बदलला, की आठवड्यात नवा नंबर शोधून काढायचा. एकदा त्याने जिन्यात तिचा हात पिरगाळला, तेव्हा मायलेकींनी ठाणं सोडलं आणि कुणाला न सांगता मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात भाड्याने घर घेतलं.

तेव्हापासून घरात रसिकाचा कायदा चालायचा. फोटो टाकायचा नाही. स्टेटस ठेवायचं नाही. पार्सल आईच्या माहेरच्या नावाने मागवायचं. सोसायटीच्या हळदीकुंकवाला जायचं, पण ग्रुप फोटोची वेळ आली की वाण घेऊन मागच्या मागे सटकायचं. सुचेताने सगळं पाळलं. कुरकुरत का होईना, पाळलं. आठ महिने निकेतचा फोन नाही, मेसेज नाही. पोरगी पुन्हा हसायला लागली होती. आणि पोरगी हसायला लागली, तशी आईच्या डोक्यात पुन्हा मांडव उभा राहिला.

रसिकाला न विचारताच तिने बायोडाटा करून घेतला. इंटरनेटवर काही टाकायचं नाही, हे तिला पाठ होतं. पण बायोडाटा म्हणजे इंटरनेट थोडंच! तो आपला घरगुती कागद. वर गणपती, खाली जन्मवेळ, रास, उंची, मामाचं गाव.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने टाइप करता करता विचारलंही होतं, “आंटी, ॲड्रेस पूरा डालूँ?”

“पूरा डालो,” सुचेता म्हणाली होती. “आधा लिखेगा तो लोकांना वाटतं, काहीतरी लपवतायत.”

मग विंग आली, फ्लॅट नंबर आला, ऑफिसचं नाव आणि शाखा आली. रसिकाचा छान साडीतला फोटो आला. ती पीडीएफ सुचेताने एकट्या मावसबहिणीला, मंदाला पाठवली. “घरातल्या घरातच ठेव गं,” असं बजावूनसुद्धा सांगितलं. मंदानेही शब्द पाळला, फक्त तिच्या लेखी घर म्हणजे समाजाचा वधू-वर ग्रुप होता. त्यात नऊशे माणसं होती.

“घरात कोण कोण असतं तुमच्या?” फोनवरच्या बाई विचारत होत्या.

“आम्ही दोघीच. हे जाऊन सहा वर्षं झाली.”

“आणि खाली वॉचमन?”

“आहे ना. पण संध्याकाळचा चहाला गेला की गेलाच.” सुचेता हसली.

पलीकडे कुणी हसलं नाही.

“ताई,” बाई म्हणाल्या, “मी विचारत गेले आणि तुम्ही सांगत गेलात. मी कोण, माझं आडनाव काय, एकदा तरी विचारलंत?”

सुचेताचा हात मेथीत थबकला. खरंच विचारलं नव्हतं. आडनाव सोडा, मुलाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. आपण आत्ता काय काय बोललो, ते एकेक करून तिला आठवायला लागलं. सात वाजता. शेअर रिक्षा. दोघीच. वॉचमन नसतो. पार्सलवरसुद्धा स्वतःचं नाव येऊ न देणारी पोर, आणि तिच्या आईने घराचं दार सताड उघडून दिलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. मग लाजेहून मोठी भीती वाटली.

“कोण बोलताय तुम्ही?” तिने विचारलं.

“उद्या कुणी दुसऱ्याच बाईला फोन करायला लावेल, तिलाही तुम्ही असंच सगळं सांगाल. म्हणून विचारून बघितलं. रागावू नका.” बाई घाईने बोलायला लागल्या. “तो बायोडाटा समाजाच्या ग्रुपवर आहे. आत्ताच्या आत्ता काढायला लावा. आणि रसिकाला सांगा. तुमची चूक झाली तरी सांगा, तिच्यापासून लपवू नका. थोडे दिवस दोघी दुसरीकडे राहा.”

“अहो, पण तुम्ही कोण?”

बाईंचा आवाज आणखी खाली गेला.

“सकाळी निकेत आंघोळीला गेला, तेवढ्यात, त्याने बघायच्या आत, त्याच्या फोनवरून मी तो बायोडाटा पुसलाय. रोज नाही जमायचं मला. मी त्याची आई बोलतेय.”