नव्या राजाची भूपाळी

"झोपलेला राजा कुणीच नसतो, पोरा. आपण गातो, मग तो राजा होऊन उठतो. राजे बदलतील. चाल बदलायची नाही."

वडिलांचे हे शब्द सोमिल भाटाच्या कानात अजून होते. पाटलिपुत्राच्या राजवाड्यात, शयनगृहाच्या खिडकीखालच्या ओट्यावर बसून तो रोज पहाटे वीणा लावी आणि भूपाळी गाई. म्हातारे महाराज दुसऱ्या कडव्याला खोकत, तिसऱ्याला उठत.

मग एका रात्री पहाऱ्याचा नायक सिंहबल दाराबाहेर उभा राहायचं सोडून आत गेला, आणि राजवंश बदलला.

सोमिलनं चाल तीच ठेवली, नाव तेवढं नवं घातलं. पण नवे महाराज काही उठेनात. तक्षशिलेचे दूत सभेत पेंगू लागले, पुरोहितांचे मुहूर्त टळू लागले. पंधरवड्यानं अमात्य उग्रदत्त ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

"भाटबुवा, लोक म्हणतात राजा दुपारी उगवतो. सूर्याच्या वंशाला शोभतं का हे? आणि काय हो, भूपाळीत सूर्याचा वंश तर तुम्ही आधीच्या महाराजांना दिला होता ना?"

"परत घेतला. त्यांच्याही आधी माझ्या वडिलांनी तो दुसऱ्याच घराण्याला दिला होता. सूर्याची काही तक्रार नाही."

अमात्य हसले नाहीत. "उद्या महाराज वेळेवर उठले नाहीत, तर वीणा इथं ठेवायची आणि बायकोसकट गंगेपलीकडं चालू लागायचं."

घरी विशाखेनं हे ऐकलं, पण जातं थांबवलं नाही.

"मी तुम्हाला कशी उठवते? थाळी आपटून."

"अगं, तो राजा आहे."

"झोपेत कसला राजा? मामंजीच म्हणायचे ना तसं?"

दुसऱ्या दिवशी सोमिलनं स्वर चढवला. हत्तीशाळेतले हत्ती उठले, पिंजऱ्यातले पोपट उठले, नदीवरचं धुकंसुद्धा अंग झटकून उठल्यासारखं झालं. आतून मात्र घोरणं ऐकू आलं. तेही तालात.

सोमिलनं वीणा ओट्यावर ठेवली आणि गाणं मध्येच थांबवलं.

घोरणंही थांबलं.

त्यानं एक ओळ गाऊन पाहिली. आत घोरणं सुरू झालं. तो गप्प बसला. आत सामसूम.

मग भाटांच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं ते त्यानं केलं. ओट्यावर उभं राहून खिडकीचा पडदा बाजूला सारला.

महाराज पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर उघडी तलवार. डोळे लाल.

"थांबलास का रे, सोमिलदादा?"

"महाराज, मी... मी उठवायला गातो. आज महाराज उठले नाहीत, तर अमात्य मला गंगेपलीकडं धाडणार आहेत."

सिंहबलानं मान खाली घातली. नायक असताना उशिरा आला की तो अशीच मान घाली.

"सगळं तरुणपण या खिडकीखाली पहारा केला मी. तुझा सूर लागला की आमची पाळी संपायची. तिथंच भिंतीला टेकायचो, पहिल्या कडव्याला डोळा लागायचा. अजून लागतो. दुसऱ्या कशानंच लागत नाही. तू गा. अमात्यांना मी बघतो."

"पण रात्री थोडं पडावं महाराजांनी."

दाराबाहेर कुणीतरी पाय बदलला. भाल्याचा दांडा फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. महाराजांची मूठ तलवारीवर आवळली. बराच वेळ ते दाराकडे बघत राहिले, मग खिडकीशी सरकून अगदी हळू बोलले.

"रात्री कसा झोपू, दादा? दाराशी पहाऱ्याचा नायक उभा असतो."