गोष्टीत नसलेली बाई

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी ताई स्मृतीच्या प्रयोगशाळेत लागल्या. आवाज आतबाहेर न जाणाऱ्या खोलीत म्हाताऱ्यांना छत्री विसरलेल्या माणसाची गोष्ट वाचून दाखवायची आणि वीस मिनिटांनी त्यांच्याकडून ती ऐकायची.

त्या गुरुवारी एकामागून एक आलेल्या तिघांनीही भलतंच सांगितलं. "बाई दार ठोकत राहिली, कोणी आलं नाही."

"आजोबा, गोष्टीत बाई नव्हतीच!"

"तूच वाचलीस की, पोरी! म्हाताऱ्याला बनवतेस?" तिसरे, शिंपीकाम केलेले आजोबा हसले. "तिचा कोट इथे उसवला होता," म्हणत त्यांनी ताईंच्या पांढऱ्या कोटाची उसवलेली बाही चाचपली.

आजोबांची सून त्यांना घेऊन गेली आणि दार लागलं. ताई उठल्या, पण दाराची मूठ फिरेना. त्या दार ठोकू लागल्या.

ताई त्याच गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला वारल्या. शोधायला आलेल्यांना दार नुसतं लोटलेलं दिसलं.