खुळखुळा
सेम्पोर्नाच्या समुद्रतळाशी श्वास धरून, भाला रोखून बसलेल्या इंतानासमोर हेकरू मासा कपारीतून बाहेर आला, तेवढ्यात पाण्यात पुन्हा खडखडाट झाला. हेकरू पसार! पाठीवर हवेची टाकी बांधलेला पर्यटक सोबत्यांना कासव दाखवायला धातूचा खुळखुळा हलवत होता; सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. इंतानाने तो हिसकावून खडकांत फेकला आणि ती वर आली. मागोमाग पर्यटकाला घेऊन वाटाड्या आला, तिचाच भाचा. “मावशी, पाहुणे आहेत ते!” “दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबडी बडवणारे पाहुणे? पोरांना आता खुळखुळा शिजवून घालू?” “काय म्हणतेय ही?” पर्यटक खेकसला. “माफी मागतेय, साहेब,” भाचा पुटपुटला. तेवढी परभाषा इंतानाला कळायची. “माफी? सांग त्याला, टाकी काढ आणि माझ्यासारखा एका दमात जाऊन आण खुळखुळा!” या वेळी भाच्याने एकही शब्द न गाळता सांगितलं.